तुरुंगातून आलेला कागद

उत्तर प्रदेशातील ललितपूर जिल्ह्यातल्या एका तरुणाला २००० साली बलात्काराच्या आरोपावरून अटक झाली आणि २००३ साली जन्मठेप झाली. वकील करण्याची ऐपत नसल्यामुळे त्याने तुरुंगातूनच अलाहाबाद उच्च न्यायालयाकडे अपील पाठविले. ते अपील ऐकले गेले आणि २८ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. तोपर्यंत त्याची वीस वर्षे तुरुंगात गेली होती आणि आईवडील निवर्तले होते. न्यायमूर्तींनी निकालपत्रात एक गोष्ट खेदाने नमूद केली आहे. तुरुंगामार्फत आलेले हे अपील तब्बल सोळा वर्षे 'सदोष' या शेऱ्याखाली पडून होते. चौदा वर्षे शिक्षा भोगलेल्या कैद्याच्या सुटकेचा विचार करण्याचा अधिकार सरकारला कायद्याने दिलेला आहे. त्या अधिकाराचा वापर करावा की करू नये, याचा विचारही सरकारने कधी केला नव्हता.

या प्रकरणात कोणी लाच खाल्ली, कोणी सूड उगवला, असे काही झालेले दिसत नाही. एक कागद आला, त्यात काही उणे होते, ते पुरे करून घेणे हे कोणाचेच काम नव्हते. अपिलात प्रतिवादी म्हणून सरकारचे नाव होते. सरकारचे वकील त्या उच्च न्यायालयात रोज शेकडो प्रकरणांत उभे राहत होते. आमच्या विरुद्ध एका कैद्याचे अपील दाखल झालेले आहे, ते का निघत नाही, अशी विचारणा त्या बाजूकडून सोळा वर्षांत एकदाही झाली असती, तर निकालपत्रातील ते वाक्य लिहावे लागले नसते.

ही उत्तरेकडची कथा, तिकडचा कारभारच तसा, असे म्हणून हा विषय बाजूस सारण्याचा मोह आपल्या वाचकांस होणे स्वाभाविक आहे. आपला गोवा लहान. कोलवाळचा मध्यवर्ती तुरुंग आणि पर्वरीची उच्च न्यायालयाची इमारत ही दोन्ही बार्देश तालुक्यात, तासाभराच्या आतल्या अंतरावर. तरीही अंतर मैलांत मोजण्याचे नसते. कैद्याचा अर्ज आधी कोठडीतून अधीक्षकाच्या टेबलावर जातो, तेथून न्यायालयाच्या कचेरीत, तेथून विधिसेवा समितीकडे, मग नेमलेल्या वकिलाकडे आणि अखेर सरकारी वकिलाकडे. प्रत्येक ठिकाणी त्यावर एक शिक्का पडतो. शिक्षा झालेला माणूस तुरुंगाच्या अधीक्षकाकडे आपले अपील देऊ शकतो आणि अधीक्षकाने ते योग्य त्या न्यायालयाकडे पाठविले पाहिजे, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३८३व्या कलमात होती; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती ४२४व्या कलमात आहे. कलमाचा आकडा बदलला, परंतु कागद नेणारे हात तेच आहेत.

सरकारी वकील हा नेमका कोणाचा वकील, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटेल. आमच्या वाडवडिलांना पोर्तुगीज अमदानीतला 'देलेगाद' ठाऊक होता. तो सरकारचा माणूस, आरोपीला शिक्षा करविणारा, अशी त्याची साधी ओळख. मुक्तीनंतर कायदे बदलले, न्यायालये बदलली. तथापि सरकारी वकील म्हणजे शिक्षा मिळवून देणारा, ही समजूत काही पुसली गेली नाही. खटला जिंकला तर तो यशस्वी आणि आरोपी सुटला तर तो नालायक, असेच मोजमाप आपण वृत्तपत्रवालेही लावीत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे. कायद्याचे म्हणणे निराळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, सरकारी अभियोक्त्याने वस्तुस्थिती काही असो, शिक्षा झालीच पाहिजे अशी तहान बाळगावी, अशी कायद्याची अपेक्षा नाही. आरोपीच्या बाजूचा एखादा मुद्दा त्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटला असेल, तर तो न्यायालयापुढे आणणे हेही सरकारी वकिलाचेच काम आहे.

हे तत्त्व कागदावर राहिले म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका पेरूच्या बागेतील झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, एका अल्पवयीन मुलीवर आणि तिच्या आईवर अत्याचार झाले. गुन्हा इतका भीषण होता की ऐकणाऱ्याचे रक्त तापावे. पोलिसांनी भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांना पकडले. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. महाराष्ट्र सरकार येथे थांबले नाही. ज्या तिघांची फाशी उतरली होती, त्यांनाही फाशीच हवी, म्हणून सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले आणि ३० एप्रिल २००९ रोजी ते मंजूर झाले. सहाच्या सहा जण पुन्हा फासाच्या छायेत आले.

पुढे फेरविचाराच्या अर्जावर तो निर्णय मागे घेण्यात आला, सगळे प्रकरण नव्याने ऐकले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले. त्या रात्री झोपडीत जिवंत राहिलेल्या प्रत्यक्षदर्शी स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळी माणसे ओळखली होती. त्या चौघांवर खटला भरला गेलाच नाही आणि तिने दिलेला तो जबाब अभियोग पक्षाने खालच्या न्यायालयापुढे ठेवला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सरकारला दिला आणि तपास करणाऱ्या दोषी अधिकाऱ्यांची चौकशी करण्यास सांगितले. तोवर त्या माणसांची सुमारे सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

तपासातील अपराध पोलिसांचा, हे खरे. परंतु हे प्रकरण सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या चढले. प्रत्येक पायरीवर सरकारच्या वतीने कोणी ना कोणी विधिज्ञ काळा झगा घालून उभा होता. फाशी वाढवून मागणारा अर्ज तयार झाला तेव्हा कोणीतरी ती फाईल उघडली असेलच. मूळ तपासाची कागदपत्रे मागवून ती पहिल्यापासून वाचावीत, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले नाही काय? की अपिलाच्या टप्प्यावर केवळ खालच्या निकालपत्रावर विसंबून राहण्याची रीतच पडून गेली आहे? माणसाच्या मानेभोवती दोर आवळण्याची मागणी करताना तरी ही रीत मोडावयास हवी होती. त्या घरातील मेलेल्यांनाही न्याय मिळाला नाही, हे विसरून चालणार नाही. सोळा वर्षे चुकीच्या माणसांचा पाठलाग झाला आणि खरे गुन्हेगार तेवढी वर्षे मोकळे राहिले.

आता सरकारच्या गतीविषयी. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपल्या अंगवळणी पडलेली आहे. पण ती प्रत्येक वेळी लागू पडत नाही. मुंबईत ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांत झालेल्या बाँबस्फोटांत पावणेदोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. २०१५ साली विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. फाशी कायम करण्याचे प्रकरण आणि आरोपींची अपिले मुंबई उच्च न्यायालयात जवळजवळ दहा वर्षे राहिली. सलग सुनावणी सुरू झाली ती २०२४ मध्ये. फाशी झालेल्यांपैकी एक जण २०२१ साली तुरुंगातच वारला. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. दुसऱ्याच दिवशी सरकार सर्वोच्च न्यायालयाच्या दारात होते आणि २४ तारखेस, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, एवढी स्थगिती सरकारने मिळविलीही. आपल्या घरचे उदाहरण घ्यावयाचे, तर एका राष्ट्रीय नियतकालिकाच्या संपादकाला म्हापशाच्या न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी निर्दोष सोडले आणि तो महिना संपण्यापूर्वी गोवा सरकारचे अपील उच्च न्यायालयात दाखल झाले.

अपील करण्याचा सरकारला अधिकार आहे आणि तो ज्या वेगाने वापरला गेला त्याबद्दल आमची तक्रार नाही. निर्दोष ठरविणारा प्रत्येक निकाल बरोबरच असतो असेही नव्हे. २००८ साली हणजुण्याच्या किनाऱ्यावर मृत्यू पावलेल्या ब्रिटिश मुलीच्या खटल्यात २०१६ साली दोन्ही आरोपी सुटले होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने अपील केले आणि जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने त्यांपैकी एकाला दोषी धरून दहा वर्षांची सक्तमजुरी दिली. ते अपील झाले नसते, तर त्या आईच्या अकरा वर्षांच्या येरझाऱ्या व्यर्थ गेल्या असत्या. आमचे म्हणणे एवढेच की, देशभर गाजलेल्या खटल्यात एका दिवसात धावणारे पाय, ज्याचे नाव कोणत्याही वृत्तपत्रात आलेले नाही त्याच्या अपिलाच्या वेळी का जड होतात?

खालच्या न्यायालयाने आरोपीला सोडले की सरकारला उच्च न्यायालयात अपील करण्यासाठी नव्वद दिवसांची मुदत असते. शिक्षा झालेल्या कैद्याला साठ दिवसांची, आणि फाशी झाली असेल तर तीसच दिवसांची. सरकारच्या हाताशी खाते आहे, कारकून आहेत, वकिलांची फौज आहे. कैद्याच्या हाताशी बराकीतला एखादा लिहिता-वाचता सोबती असतो. असे असूनही मुदत उलटून जाण्याचे प्रकार सरकारच्या बाजूने वारंवार घडतात. निकालाची नक्कल, खटला चालविणाऱ्या वकिलाचे मत, त्यावर अभियोग संचालनालयाचा शेरा, मग कायदा खाते, मग गृह खाते, अशी फाईल फिरत राहते आणि नव्वद दिवस केव्हा सरले, ते कोणाला कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या एका दिवाणी प्रकरणात, ६६३ दिवस उशिरा आलेला अर्ज फेटाळताना, या प्रकाराला समर्पक नाव दिले. अशा अर्जांना न्यायमूर्तींनी 'सर्टिफिकेट केसेस' म्हटले. अर्ज फेटाळला जाणार हे ठाऊकच असते. परंतु वरच्या न्यायालयाने फेटाळला, असा दाखला फाईलला जोडला की खालच्या कोणाही अधिकाऱ्याला जाब विचारता येत नाही. न्यायालयाने पंचवीस हजार रुपये खर्च बसविला आणि ती रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावी, असे सांगितले.

कैद्यांच्या बाबतीत उशीर झाला म्हणजे त्याचा हिशोब निराळा होतो. १९७८ सालचे होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण आज पन्नाशीकडे झुकले आहे, तरी ते पुन्हा वाचण्यासारखे आहे. आरोपी सौराष्ट्र विद्यापीठात रीडर होता. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या खोट्या पदव्या बनविण्याच्या प्रकरणात त्याला खालच्या न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची केली. सर्वोच्च न्यायालयात तो आला तेव्हा चार वर्षांहून अधिक उशीर झाला होता आणि शिक्षा भोगूनही संपली होती. उच्च न्यायालयाच्या निकालाची नक्कल मला वेळेवर मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे. तुरुंगाचे म्हणणे की दिली होती. पण दिल्याची पोच म्हणून कैद्याची सही कोठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचे अपील मान्य केले नाही. मात्र त्या निमित्ताने देशातील सर्व तुरुंगांसाठी नियम घालून दिले. निकालाची नक्कल विनामूल्य द्यावी, ती तातडीने कैद्याच्या हाती पोचवावी, त्याची लेखी पोच घ्यावी आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यावा. एका विद्यापीठात शिकविणाऱ्या माणसाची ही गत झाली. ज्याला निकालपत्रातील इंग्रजीचे अक्षरही कळत नाही, अशा मजुराने काय करावे? कोलवाळच्या तुरुंगात परप्रांतीय आणि परदेशी कैदीही आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांना ना मराठी येते ना कोंकणी.

अपिलांखेरीज कैद्यांचे लहानसहान अर्ज असतात. पॅरोल, फर्लो, आजाऱ्याला भेटण्याची परवानगी, शिक्षेतील सूट, दुसऱ्या तुरुंगात बदली, औषधोपचार. वृत्तपत्रांत यांची बातमी होत नाही. आमच्या मते न्यायाची खरी कसोटी या अर्जांतच लागते, कारण यांत वेळ हाच सगळा प्रश्न असतो. समजा, पेडण्याच्या एखाद्या कैद्याने चवथीला घरी जाण्यासाठी रजा मागितली. पोलिसांचा अहवाल येतो की, तो गावात आल्यास शांतताभंगाचा संभव आहे. बहुधा हे वाक्य ठरावीकच असते, गाव आणि नाव तेवढे बदलते. रजा नाकारली जाते. कैदी उच्च न्यायालयात अर्ज करतो. सरकारी वकील उभे राहतात आणि सूचना घेण्यासाठी आठवड्याची मुदत मागतात. दुसऱ्या तारखेस प्रतिज्ञापत्र तयार नसते. तिसऱ्या तारखेपर्यंत गणपतीचे विसर्जन होऊन माटोळीची सुपारी वाळलेली असते आणि न्यायालयापुढे उरतो तो निरर्थक झालेला अर्ज. बहिणीच्या लग्नाचे, बापाच्या दिवसकार्याचेही असेच होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

यात सरकारी वकिलाची अडचण आम्ही समजू शकतो. एका सकाळी त्याच्या नावावर पंधरा-वीस प्रकरणे असतात. फाईल आदल्या रात्री हाती येते, कधी सकाळीच न्यायालयाच्या व्हरांड्यात. ठाण्याचा हवालदार माहिती घेऊन येतो, तोही निम्मीच. मानधनाची बिले महिनोन्‌महिने अडतात. चांगली वकिली चालणारा माणूस या कामाकडे फिरकेल कशाला? जे येतात त्यांच्या नेमणुकीत गुणवत्तेला किती वाव असतो, हेही जगजाहीर आहे. सरकार बदलले की सरकारी वकिलांच्या खोलीतील चेहरे बदलतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी पंजाब सरकारच्या प्रकरणात, राज्यांनी आपले विधी अधिकारी नेमताना निःपक्षपाती आणि गुणवत्तेवर आधारलेली पद्धत अवलंबावी, असे बजावले होते. त्याच्या आधी १९९५ साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, साहाय्यक अभियोक्ते पोलीस खात्याच्या हुकमतीखाली असता कामा नयेत, त्यांची स्वतंत्र श्रेणी असावी, असा निर्णय झाला होता. म्हणजे दुखणे न्यायालयांना पुरते ठाऊक आहे. औषधही लिहून दिलेले आहे. ते घ्यावयाचे कोणी?

आणखी एका निर्णयाची आठवण सरकारला करून देणे आवश्यक वाटते. अहमदाबादेत सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने रद्द करून आरोपीला सोडले. गुजरात सरकारने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०१४ रोजी फेटाळले. फेटाळताना न्यायमूर्तींनी तपासातील आणि खटला चालविण्यातील एकेक उणीव मोजून दाखविली आणि सर्व राज्यांच्या गृह खात्यांना आदेश दिला: पोलीस आणि अभियोग विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्यांची स्थायी समिती नेमावी, प्रत्येक निर्दोष मुक्ततेचा निकाल तिने तपासावा, चूक कोणाची झाली ते नोंदवावे आणि दोषी अधिकाऱ्यावर कारवाई करावी. यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. आज त्या गोष्टीला एक तप उलटले आहे. आपल्या राज्यात अशा समितीने किती निकाल तपासले आणि कोणाची चूक ठरविली, हे जनतेपुढे ठेवण्यास काहीच हरकत नसावी.

अपील ऐकले जाईपर्यंत कैद्याला जामिनावर सोडावे की नाही, या प्रश्नावरही सरकारी वकिलाचा शब्द वजनदार असतो. काश्मिरा सिंग या प्रकरणात १९७७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, जे अपील पाच-सहा वर्षे ऐकता येत नाही, त्यातील कैद्याला तोवर डांबून ठेवणे आणि अखेर निर्दोष म्हणून सोडणे, ही न्यायाची विटंबना होय. तरीही गुन्हा गंभीर आहे, या तीन शब्दांवर जामिनाला विरोध होतच राहतो. अपील लवकर निघण्यासाठी सरकारने काय केले, हे मात्र विरोध करणाऱ्या वकिलाला क्वचितच विचारले जाते. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. ज्या राज्यात शिक्षामाफीचे धोरण आहे, तेथे पात्र झालेल्या कैद्याने अर्ज करण्याची वाट न पाहता सरकारने आपण होऊन त्याचा विचार केला पाहिजे. ललितपूरच्या त्या तरुणाच्या वेळी हा नियम असता, तर निदान सहा वर्षे आधी त्याचा कागद कोणाच्या तरी टेबलावर उघडला गेला असता.

गोवा विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एक साधा लेखी प्रश्न विचारावा, अशी आमची सूचना आहे. गेल्या पाच वर्षांत कोलवाळच्या तुरुंगातून किती अपिले आणि किती अर्ज पाठविले गेले. प्रत्येक अर्ज कोठडीतून केव्हा निघाला, न्यायालयात केव्हा पोचला, सरकारी वकिलाने पहिले उत्तर केव्हा दिले. किती वेळा तहकुबी सरकारने मागितली आणि आज त्यांपैकी किती कागद 'सदोष' या शेऱ्याखाली पडून आहेत. याला नवा कायदा नको, नवी समिती नको. तुरुंगाची आवकजावक वही आणि न्यायालयाचा रोजनामा समोरासमोर ठेवले की उत्तर तयार होते. ते उत्तर तारखांसह सभागृहापुढे आले, तर आम्ही ते याच स्तंभात जसेच्या तसे छापू.